अकालजात अर्भकाचें डोकें आणि त्याचे पाय

सातव्या महिन्याचें मूल जगतें, आठव्याचें जगत नाहीं, हा समज केवळ आपल्याकडील सुइणींचा नव्हे. हिपॉक्रेटीसच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रीक ग्रंथांत तो आहे. आणि आठव्या महिन्यांत ओज हें माता व गर्भ ह्यांच्यामध्यें अस्थिर असतें असें सांगून आयुर्वेदानेंहि तोच निष्कर्ष काढला आहे. वस्तुतः गर्भाशयांतील प्रत्येक आठवडा मुलाच्या पदरांत कांहीं ना कांहीं टाकीत असतो, आणि आठव्या महिन्याचें मूल सातव्याच्या मुलाहून सामान्यतः अधिक सशक्त असतें. तथापि ह्या समजुतीमागचा प्रश्न एकच होता : मूल वांचेल कीं नाहीं? वांचल्यावर तें चालेल कसें, हें विचारावयास कोणास उसंत नव्हती.

तो प्रश्न नीट विचारला विल्यम जॉन लिट्ल ह्या इंग्रज डॉक्टरांनीं. लिट्ल ह्यांचा जन्म १८१० चा. बालपणींच्या आजारानें त्यांचा स्वतःचाच एक पाय वांकडा झाला होता. १८३६ सालीं हॅनोव्हर येथें जाऊन स्ट्रोमायर ह्या जर्मन शस्त्रवैद्याकडून त्यांनीं तो सरळ करून घेतला, ती विद्याहि शिकून घेतली, आणि मायदेशीं परतल्यावर लंडनमध्यें अशाच रुग्णांसाठीं रुग्णालय काढलें. दुसऱ्यांच्या पायांकडे इतक्या बारकाईनें पाहण्याची दृष्टि त्यांना कोठून आली, हें निराळें सांगावयास नको. १८६१ सालीं लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढें त्यांनीं आपला निबंध वाचला. अकालीं जन्म, कष्टाची प्रसूति आणि जन्मतांच श्वास कोंडणें ह्यांचा संबंध त्यांनीं मुलांच्या ताठरलेल्या हातापायांशीं जोडून दाखविला. शेक्सपिअरच्या नाटकांतील तिसरा रिचर्ड हाहि अकालींच जन्मलेला, ह्याची आठवण द्यावयासहि ते विसरले नाहींत. पुढें ह्या व्याधीस ‘लिट्लचा रोग’ असेंच नांव पडलें.

१८९७ सालीं व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड ह्यांनीं — स्वप्नांच्या मीमांसेनें पुढें गाजलेले तेच हे — एक शंका काढली. कष्टाची प्रसूति हें मूळ कारण नसून, गर्भांतच आधीं कांहीं बिघडल्याचें तें लक्षण असूं शकेल, असें त्यांचें म्हणणें. शंका रास्त होती, पण तिच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्षच झालें. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न जुळलेल्या टाळूंतून ध्वनिलहरी सोडून अर्भकाचा मेंदु पाहतां येऊं लागला, तेव्हां पुष्कळ उलगडा झाला. मेंदूच्या मध्यभागीं द्रवानें भरलेल्या पोकळ्या असतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत त्यांच्या कडेच्या रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात. त्या फुटल्या, किंवा तेथें रक्त अपुरें पडलें, तर शेजारून खालीं जाणारे मज्जातंतु दुखावतात. पायांकडे जाणारे तंतु पोकळीच्या सर्वांत जवळ. म्हणून हातांपेक्षां पायच अधिक ताठरतात.

मध्यंतरीं पॅरिसमध्यें टार्निए ह्यांनीं प्राणिसंग्रहालयांत अंडीं उबविण्याचें यंत्र पाहिलें, आणि १८८० सालीं तशीच ऊबदार पेटी तेथील प्रसूतिगृहांत मुलांसाठीं आणविली. दोन हजार ग्रॅमांहून कमी वजनाच्या मुलांचें मृत्युप्रमाण शेंकडा ६६ वरून ३८ वर आलें. पेटीनें प्राण राखले; पण पेटींत आईच्या उदरासारख्या भिंती नसतात. उदरांत मूल गुरफटून असतें, पाय मारलें कीं भिंत त्याला परत ढकलते, आणि त्यांतच त्याच्या स्नायूंची तालीम होते. गादीवर पडलेल्या दुर्बळ मुलाचे हातपाय मात्र बेडकासारखे पसरतात. डोकें तर त्याला उचलवतच नाहीं. तें कधीं ह्या, कधीं त्या कुशीस कलंडतें. कवटी मऊ, डोक्याचा भार सतत. तेव्हां दोन्ही बाजू चपटून डोकें लांबट व अरुंद होतें. डोक्याची रुंदी व लांबी ह्यांचें गुणोत्तर काढण्याची रीत स्वीडनच्या रेट्झियस ह्यांनीं १८४० च्या दशकांत घातली होती, व त्यावरून मानववंशांची प्रतवारी लावण्याचा नाद पंडितांना फार दिवस पुरला. ह्या मुलांच्या लांबट डोक्यावरून त्यांची बुद्धि मापणें तितकेंच व्यर्थ. तो निजण्याचा ठसा आहे. मात्र मान सदा एकाच बाजूस वळत असेल, तर डॉक्टरांस दाखविणें अवश्य. कारण डोकें चपटें झाल्यानें हातपाय मागें पडतात असें नसून, पुष्कळदां अशक्त मानेमुळेंच डोकें चपटें होतें.

आपल्या घरोघरीं डोकें गोल व्हावें म्हणून मोहरीची उशी देतात, न्हाऊं घालतांना तें दाबतातहि. हेतु चांगला, पण निजलेल्या तान्ह्या मुलाजवळ उशी नसावी, आणि कोंवळी कवटी दाबूं नये. रुग्णालयांतील परिचारिका कापडाच्या वळकट्यांचें घरटें करून मुलाचे हातपाय आंत घेतात, व कूस वारंवार बदलतात. १९७८ सालीं कोलंबियांतील बोगोटा येथें डॉ. एद्गार रेय सानाब्रिया ह्यांनीं, पेट्या अपुऱ्या पडूं लागल्या तेव्हां, मूल आईच्या उघड्या छातीशीं उभें बांधून ठेवावयास आरंभ केला. उदराची भिंत त्याला अशा रीतीनें थोडीफार परत मिळाली.

१९९२ सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांनीं तान्ह्या मुलांस उताणें निजवावें असा सल्ला दिला. त्यानें झोपेंतील आकस्मिक मृत्यु पुष्कळच घटले, आणि डोकीं मागून चपटीं होण्याचें प्रमाण वाढलें. म्हणून घरीं आलेलें मूल निजवावें उताणेंच, पण जागें असतां, कोणी जवळ बसून, थोडा वेळ पालथें ठेवावें असें आतां सांगतात. आणखी एक हिशेब आयांनीं ध्यानांत ठेवावा. दोन महिने आधीं आलेलें मूल आठ महिन्यांचें झालें, तर त्याची बरोबरी शेजारच्या सहा महिन्यांच्या मुलाशीं करावयाची, आठ महिन्यांच्या नव्हे. हा हिशेब साधारण दोन वर्षांपर्यंत चालवितात. तोंपर्यंत बहुतेकांचें डोकेंहि, मूल बसूं-फिरूं लागल्यामुळें, हळूहळू रुंद होत आलेलें असतें.