नौकेचे जन्मगाव

भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये बसताना आपण तिकिटाचा दर विचारतो. ती लाँच कोणत्या देशात बांधली, हे कोणी विचारीत नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावर मात्र कायदा हा प्रश्न दोन शतकांहून अधिक काळ विचारीत आला आहे.

१७८९ साली, राष्ट्र नुकतेच उभे राहत असताना, तेथील काँग्रेसने जहाजांवर कर बसविला. स्वदेशी बांधणीच्या व मालकीच्या जहाजास टनामागे सहा सेंट, परदेशी जहाजास पन्नास. शिवाय किनाऱ्याने फिरणाऱ्या स्वदेशी जहाजाने तो वर्षातून एकदा भरावा, परक्याने दर खेपेस! बंदी न घालता दार लावून घेण्याची ही युक्ती होती. १८१७ साली मालवाहतुकीपुरते ते दार उघडपणे बंद झाले. १८८६ साली उतारूंची पाळी आली. परक्या जहाजाने दोन अमेरिकन बंदरांमध्ये उतारू नेल्यास माणशी दोन डॉलर दंड. १८९८ साली तो दोनशे झाला.

यामागील विचार अगदीच खोटा नव्हता. जहाज बांधणारे हात एकदा पांगले, की युद्धकाळी ते आयते मिळत नाहीत. पण जो नियम मोठ्या आगबोटींसाठी, तोच लहान होडीलाही लागला. मालक अमेरिकन, खलाशी अमेरिकन. परंतु होडी परदेशी बांधणीची. तीतून घरच्या मंडळींना खुशाल फिरवावे. भाडे घेऊन एक उतारू किनाऱ्याने नेला, की गुन्हा!

१९९८ साली या कोंडीतून वाट काढण्यात आली. होडी किमान तीन वर्षांची जुनी असावी, उतारू बारांहून अधिक नसावेत, माल नेऊ नये. अर्ज प्रसिद्ध करून लोकांचे म्हणणे मागवावे. देशातील होडी बांधणाऱ्यांचे वा धंद्यातील इतर नाववाल्यांचे फार नुकसान होणार नसेल, तरच परवानगी द्यावी.

आपल्याकडे १९२८ साली साराभाई नेमचंद हाजी यांनी किनारी वाहतूक राखून ठेवण्याचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, तेव्हा वाद होता तो मालकीचा. ब्रिटिश कंपन्यांच्या भाडेयुद्धात देशी कंपन्या बुडत होत्या. म्हणून ‘जहाज कोणाचे?’ हा आपला प्रश्न होता.

आम्हांस वाटते, संरक्षणाचा कायदा करताना ‘नक्की कोणाच्या पोटाचे रक्षण?’ हे आधी विचारावे. अमेरिकेने लहान होडीपुरते ते विचारले. पण त्याला दोनशे वर्षे लागली.