चार केबीचा संसार

परवा जळगावला गेलो होतो. मावसभाऊ इंजिनिअरिंगला आहे. जेवताना त्याने विचारलं, "दादा, रिकर्शन एवढं सोपं, मग कर्नलमध्ये ते का टाळतात?" उत्तर देता देता माझी एक जुनी चूक आठवली.

स्टॅक म्हणजे चवड. आजी दादरच्या भाकरींची चवड टोपलीत लावायची. शेवटी ठेवलेली भाकरी आधी उचलायची. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं की चवडीवर एक भाकरी चढते, काम संपलं की उतरते. आपल्या साध्या प्रोग्रामला लिनक्स सहसा ८ एमबीपर्यंत टोपली वाढवू देतं. कर्नलच्या आत मात्र टोपली ठरलेल्या मापाची. भरली की भरली!

ही काटकसर जुनी आहे. १९७५च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेससाठी १०२४ बाइट जागा असे. त्यातच प्रोसेसची माहिती आणि उरलेल्यात कर्नलचा स्टॅक. ऑस्ट्रेलियातल्या जॉन लायन्स यांनी या युनिक्सवर लिहिलेलं भाष्य १९९६ पर्यंत बहुतेकांनी झेरॉक्सच्या झेरॉक्सवरच वाचलं. आपल्याकडच्या नोट्ससारखंच.

३२ बिटांच्या लिनक्समध्ये हे माप ८ केबी होतं. म्हणजे ४ केबीची दोन पानं, तीही मेमरीत शेजारी शेजारी. मशीन बरेच दिवस चाललं की मोकळी पानं विखुरतात, जोडी मिळेनाशी होते. शिवाय दहा हजार थ्रेड म्हटले की स्टॅकलाच ८० एमबी गेले. म्हणून २००४ मध्ये २.६.६ या आवृत्तीत एकाच पानाचा, ४ केबीचा पर्याय आला. इंटरप्टना वेगळा स्टॅक दिला. फेडोरा कोर २ ने हा पर्याय लगेच उचलला.

आणि मी सापडलो. तेव्हा पुण्यात फाइल सिस्टिमच्या एका मॉड्यूलवर काम करत होतो. एका फंक्शनमध्ये मी बिनधास्त २ केबीचा अ‍ॅरे ठेवला होता. ८ केबीत तो महिनोन्‌महिने खपला. नव्या फेडोरावर मशीन कोसळायला लागलं, पण दरवेळी भलतीकडेच. कारण चवड उतू गेली तरी कुणी ओरडत नाही. तळाशी ठेवलेली थ्रेडची माहिती गुपचूप पुसली जाते. त्या काळात पुण्यातलेच अमित काळे केजीडीबी हा कर्नलचा डीबगर सांभाळत होते (मुख्य लिनक्समध्ये तो २००८ मध्ये आला). पण डीबगर दाखवणार मशीन पडलं ती जागा. बिघाड आधीच दुसरीकडे होऊन गेलेला.

मशीन वारंवार पडायचं ते एका मित्राच्या कोडमध्ये. तो धुळ्याचा, देवपूरचा. मी भर मीटिंगमध्ये म्हणालो, "याचंच कोड चुकलंय." तो काही बोलला नाही. दहा दिवसांनी त्याने प्रत्येक फंक्शन किती स्टॅक खातं याची यादी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवून गेला. पहिलंच नाव माझ्या फंक्शनचं होतं. अ‍ॅरेची जागा केमॅलॉकने मागून घेतली आणि प्रश्न मिटला. बदल जेमतेम पाच-सहा ओळींचा.

पुढे जगालाही ४ केबी पुरले नाहीत. एक्सएफएस, त्याखाली एलव्हीएम, त्याखाली ड्रायव्हर, अशी चवड वाढतच गेली. २०१० मध्ये तो पर्याय काढून टाकला. ६४ बिटांच्या इंटेल मशीनवर २०१४ मध्ये ३.१५ ने माप १६ केबी केलं. २०१६ च्या ४.९ मध्ये स्टॅकच्या टोकाला राखणीचं रिकामं पान ठेवायची सोय आली; आता उतू गेलं की तिथल्या तिथे कळतं.

मावसभावाला म्हटलं, कर्नलमध्ये रिकर्शन टाळतात कारण ते किती खोल जाईल हे आधी सांगता येत नाही, आणि टोपली वाढत नाही. त्याला ते पटलं.

मित्राची माफी मागायला मात्र मला वर्ष लागलं. तो हसला आणि म्हणाला, "अरे, ते तर मी तेव्हाच विसरलो." मी अजून विसरलेलो नाही.

असो.