जर्मन ड्रेडनॉट युद्धनौका डिझाइन करायची झाली तर? वजनाचा हिशोब समजून घ्या

नवीन फोन घेताना आपल्याला सगळंच हवं असतं. मोठी बॅटरी, भारी कॅमेरा, वर फोन पातळ आणि हलका. पण दोनशे ग्रॅममध्ये सगळं बसत नाही, कुठेतरी तडजोड करावीच लागते. शंभर वर्षांपूर्वी युद्धनौका बनवणाऱ्या इंजिनिअरांपुढेही हाच प्रश्न होता. फरक इतकाच, की तिथे तडजोड चुकली तर हजारभर माणसं बुडायची.

आजच्या लेखात आपण 1913 च्या सुमाराची एक काल्पनिक जर्मन युद्धनौका कागदावर डिझाइन करूया.

ड्रेडनॉट म्हणजे काय?

1906 मध्ये ब्रिटनने एचएमएस ड्रेडनॉट ही युद्धनौका नौदलात आणली. 12 इंची दहा तोफा, स्टीम टर्बाइन आणि 21 नॉट वेग. एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी. तिच्यापुढे आधीच्या सगळ्या युद्धनौका एका झटक्यात जुन्या झाल्या. पुढे या प्रकारच्या नौकांनाच ड्रेडनॉट म्हणू लागले.

जर्मनीचं पहिलं उत्तर होतं नासाऊ वर्ग. त्यात 28 सेमीच्या 12 तोफा सहा टरेटमध्ये होत्या. टरेट म्हणजे तोफांचा फिरता, चिलखती बुरूज. पण चार टरेट जहाजाच्या दोन्ही कडांना बसवल्यामुळे एका बाजूला 12 पैकी 8 तोफाच डागता यायच्या. उरलेल्या चार तोफांचं वजन त्या वेळी नुसतं वाहून न्यायचं. म्हणून आपल्या जहाजात सगळे टरेट मधल्या रेषेवर ठेवू. पुढे दोन, मागे दोन, आतला टरेट बाहेरच्यापेक्षा उंच.

स्टेप 1: आकाराची मर्यादा

जहाज हवं तेवढं मोठं करता येत नाही. उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र यांना जोडणारा कील कालवा 1895 मध्ये सुरू झाला, पण ड्रेडनॉट त्यातून जाऊ शकत नव्हत्या. 1907 ते 1914 या काळात तो रुंद आणि खोल करावा लागला. शिवाय विल्हेल्म्सहाफेन बंदराजवळचं पाणी उथळ, गोद्यांचं माप ठरलेलं आणि पैसा राइशटाग या संसदेकडून मंजूर करून घ्यायचा.

म्हणून आपण माप ठरवू: लांबी 180 मीटर, रुंदी 30 मीटर, वजन 28,000 टन.

स्टेप 2: वजनाची वाटणी

आपल्या जहाजासाठी ही वाटणी धरूया:

- सांगाडा: 30 टक्के, म्हणजे 8,400 टन
- चिलखत: 40 टक्के, म्हणजे 11,200 टन
- तोफा आणि दारूगोळा: 15 टक्के, म्हणजे 4,200 टन
- इंजिन आणि बॉयलर: 10 टक्के, म्हणजे 2,800 टन
- कोळसा, माणसं, इतर सामान: 5 टक्के, म्हणजे 1,400 टन

झाले 28,000 टन. आता एक टनही वाढवायचा तर दुसरीकडून काढावा लागेल.

स्टेप 3: तोफा किती आणि केवढ्या?

त्या काळच्या जर्मन 30.5 सेमी तोफेचा गोळा सुमारे 405 किलोचा होता, 38 सेमी तोफेचा 750 किलोचा. तोफेचं तोंड पाऊणपट... नाही, फक्त पावपट रुंद झालं, पण गोळा जवळपास दुप्पट जड झाला, कारण वजन घनाच्या प्रमाणात वाढतं. लहान दहा तोफा एका वेळी 4,050 किलो मारा करतील, मोठ्या आठ तोफा 6,000 किलो. तोफा कमी, तरी मारा जास्त. म्हणून 38 सेमीच्या आठ तोफा घेऊ.

स्टेप 4: वेग वाढवायचा का?

इथेच खरी गंमत आहे. लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. 22 नॉटवरून 26 नॉट करायचे तर सुमारे 65 टक्के जास्त शक्ती लागेल. त्याच प्रमाणात इंजिनचं वजन वाढलं, तर 1,800 टन जादा. त्यात हौसेने पाचवा टरेट बसवला, तर अजून हजारेक टन.

म्हणजे जहाज 2,800 टनांनी जड झालं. बिघडलं काय? आपल्या मापाचं जहाज तेवढ्या वजनाने सुमारे 70 सेमी जास्त बुडेल. कडेचा 350 मिमी जाड चिलखती पट्टा पाण्याच्या वर जेमतेम एक-दोन मीटर असतो. त्यातलाच मोठा भाग पाण्याखाली गेला, तर चिलखत असूनही जहाज उघडं पडतं. म्हणून 22 नॉटवर थांबू.

स्टेप 5: जहाज तगणार कसं?

नुसतं जाड चिलखत पुरत नाही. जानेवारी 1915 मध्ये डॉगर बँकच्या लढाईत जर्मन युद्धनौका झायडलिट्झवर एक गोळा आदळला. मागच्या एका टरेटमधली आग शेजारच्या टरेटपर्यंत पोचली आणि 159 माणसं गेली. कोठारात पाणी सोडल्यामुळे जहाज वाचलं. त्यानंतर जर्मनांनी दारूची हाताळणी बदलली. एका वेळी कमी दारू बाहेर काढायची आणि आग पसरण्याच्या वाटा बंद ठेवायच्या.

1916 च्या जटलंडच्या लढाईत याची परीक्षा झाली. तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर स्फोट होऊन बुडाल्या आणि तीन हजारांवर माणसं मेली. झायडलिट्झमध्ये पाच हजार टनांहून जास्त पाणी शिरलं, तरी ती घरी परतली.

म्हणून आपल्या जहाजात पाणबंद कप्पे भरपूर ठेवायचे, आतल्या बाजूला टॉर्पेडोपासून वाचवणारी पोलादी भिंत घालायची आणि कडेच्या कोठ्यांमध्ये कोळसा भरायचा. कोळसाही थोडंफार संरक्षण देतो.

मग खरोखर असं जहाज होतं का?

हो! आपला हिशोब जवळजवळ बायर्न वर्गापर्यंत पोचलाय: 38 सेमीच्या आठ तोफा, 350 मिमी चिलखत, सुमारे 28,500 टन आणि साधारण 22 नॉट. आणि 'सगळंच हवं' म्हटलं तर काय होतं, तेही जर्मनांनी कागदावर करून पाहिलं. एल 20 ई अल्फा या आराखड्यात 42 सेमीच्या आठ तोफा आणि 26 नॉट वेग होता. वजन गेलं सुमारे 44,000 टनांवर. ते जहाज कधीच बांधलं गेलं नाही.

बायर्न मात्र जटलंडनंतर दीड महिन्याने नौदलात दाखल झाली. 21 जून 1919 रोजी स्कापा फ्लो इथे जर्मन खलाशांनी स्वतःच आपल्या नौका बुडवल्या, त्यात बायर्नही गेली. वजन, वेग, चिलखत सगळं जुळलं, पण वेळ निघून गेली होती. तयार व्हायला लागणारा वेळ हाही डिझाइनचाच भाग असतो.

आता तुम्ही करून बघा

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा आणि 28,000 टनांची वाटणी स्वतः करा. नियम एकच: बेरीज वाढता कामा नये. तुम्ही सगळ्यात आधी कशाला कात्री लावाल, तोफांना, वेगाला की चिलखताला? कमेंटमध्ये नक्की सांगा.