हस्तलिखिताचा कैवारी

पाश्चात्त्य देशांत कादंबरीकार आणि प्रकाशक यांच्यामध्ये पुष्कळदा एक मध्यस्थ असतो. लेखकाच्या वतीने तो हस्तलिखित घेऊन हिंडतो, करार ठरवतो आणि आपला वाटा घेतो. मराठीत हा पेशा फारसा रुजला नाही. आपल्या बाडाचा कैवार लेखकाने स्वतःच घ्यायचा, ही आपली जुनी रीत.

आरंभीच्या काही मोठ्या कादंबरीकारांना तो घ्यावा लागला नाही, ही गोष्ट निराळी. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची १८७१ सालची ‘मोचनगड’ आली ती ‘विविधज्ञानविस्तारा’तून; त्या मासिकाचे संपादक ते स्वतःच. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच क्रमशः दिली. नियतकालिक घरचे, तेथे आपली ओळख कोणाला करून द्यायची?

लेखकाची नम्रता त्या काळी प्रस्तावनेत उतरे. वाचकांनी हंसाप्रमाणे नीर टाकून क्षीर घ्यावे, ही विनवणी ठरलेली. ती शोभेही, कारण पुस्तक छापून झालेले असे. पण बाड काखेत घेऊन प्रकाशकाच्या दारात उभ्या राहिलेल्या लेखकाने हाच सूर लावला, तर ते बाड सुटण्याआधीच पुन्हा बांधले जाते.

खेड्यातला, शिक्षणाला पारखा झालेला माणूस लिहू लागला तेव्हा हा प्रश्न खरा बिकट झाला. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही. तरी १९५९ च्या ‘फकिरा’त ओशाळेपणाचा लवलेश नाही. पुस्तक त्यांनी अर्पण केले बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. प्रस्तावना लिहिली एके काळी शिरोड्याला शाळामास्तर असलेल्या वि. स. खांडेकरांनी.

आमच्या कागलचे आनंद यादव त्याच वाटेने गेले. १९७१ च्या ‘गोतावळ्या’चा निवेदक नारबा हा शेतगडी. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि गुराढोरांचा गोतावळा विस्कटतो, ही हकीकत तो आपल्या बोलीत सांगतो, अगदी शेवटपर्यंत. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी यादवांनी ती बोली धुऊनपुसून घेतली नाही. आत्मविश्वास म्हणतात तो हा. तो आवाज चढवण्यात नाही. आपला माल आपल्याला पुरता ठाऊक असण्यात आहे.

मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्या मास्तराला या इतिहासाचा मोठा आधार वाटतो. ‘जमेल तसे लिहिले आहे’ असे म्हणू नये. ‘असे मराठीत झालेच नाही’ असेही म्हणू नये. कादंबरी कोणाची, कोठली आणि ती मलाच का लिहावी लागली, एवढे चार वाक्यांत सांगावे आणि गप्प बसावे. नकार आलाच, तर तो त्या बाडाला आलेला असतो. बाड उचलून पुढचे दार वाजवायला आपले हातपाय शाबूत असतात.