सीडीतली बाराशे पानं

परवा ऑफिसात एका युरोपियन क्लायंटचा करार वाचत होतो. काम चार पानांत, आणि माहिती परदेशी पाठवण्याच्या अटी त्याच्या कितीतरी पट! हे लचांड आलं कुठून म्हणून शोधत गेलो, तर एका विद्यार्थ्यापाशी पोचलो.

माक्स श्रेम्स, ऑस्ट्रियाचा. कायदा शिकत होता. २०११ मध्ये त्याने फेसबुककडे स्वतःची सगळी माहिती मागितली. युरोपात तसा हक्कच आहे. सीडी आली, बाराशेच्या वर पानं. पुसून टाकलेले निरोपसुद्धा त्यात!

२०१३ मध्ये स्नोडेनने अमेरिकी हेरगिरी उघड केली. श्रेम्सने आयर्लंडमध्ये (फेसबुकचं युरोपातलं ऑफिस तिथे) तक्रार केली, की माझी माहिती अमेरिकेत नेऊ नका. अधिकाऱ्यांनी चौकशीच नाकारली, कारण २००० सालचा 'सेफ हार्बर' समझोता. कंपनीनेच 'आम्ही नियम पाळतो' म्हणायचं, की झालं. आपल्या सेल्फ-अटेस्टेड झेरॉक्ससारखं.

६ ऑक्टोबर २०१५ ला लक्झेंबर्गच्या न्यायालयाने तो रद्द केला. त्याच्या जागी आलेली 'प्रायव्हसी शील्ड'ही १६ जुलै २०२० ला गेली. करारातली ठरावीक कलमं तेवढी राहिली, पण मेख मारून: माहिती जिथे जाणार तिथलं सरकार ती वाचू शकतं का, हे आधी तपासा.

तोच प्रश्न माझ्यासमोर होता. आपल्या आयटी कायद्याचं कलम ६९ काढून वाचलं. सरकार आदेश देऊन संगणकातली माहिती पाहू शकतं, न्यायाधीशाची परवानगी लागत नाही, गृहसचिवांची पुरते.

रकान्यात 'हो' लिहिलं. क्लायंटचं उत्तर अजून यायचंय.