मोटारगाडीची विमा भरपाई आणि बाह्यभागाचे संरक्षण

मोटारगाडीची विमा भरपाई म्हणजे अपघातात झालेल्या हानीपोटी विमा कंपनीने करारानुसार द्यावयाची रक्कम होय. जळगाव (एमएच-१९) व धुळे (एमएच-१८) या खानदेशातील जिल्ह्यांतून राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ जातो, मुंबई-आग्रा मार्गही धुळ्यावरून जातो. अवजड वाहतुकीमुळे येथील वाहनधारकांना हा विषय नित्याचा आहे.

विम्याचे प्रकार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. त्यातून इतरांचा मृत्यू, इजा व मालमत्तेची हानी यांची भरपाई मिळते. खाजगी मोटारीसाठी मालमत्तेची प्रमाणित मर्यादा ७.५ लाख रुपये आहे. स्वतःच्या गाडीची हानी मात्र या विम्यात येत नाही. त्यासाठी स्वहानी विमा किंवा दोन्हींचा समावेश असलेला सर्वसमावेशक विमा घ्यावा लागतो. हा भेद अनेकांना अपघातानंतरच कळतो.

भरपाईची गणना

प्रमाणित पॉलिसीत बदललेल्या सुट्या भागांवर घसारा वजा होतो. प्लास्टिक, रबर, टायर व बॅटरी यांवर ५० टक्के, तर फायबरग्लासवर ३० टक्के घसारा लागतो. काचेवर तो नसतो. धातूच्या भागांवरील घसारा गाडीच्या वयानुसार वाढतो. रंगकामाच्या एकत्रित बिलाचा २५ टक्के भाग साहित्याचा मानून त्याच्या निम्मी रक्कम कापली जाते.

उदाहरणार्थ, अडीच वर्षे जुन्या, १२०० सीसी गाडीचा प्लास्टिकचा बंपर (१०,००० रुपये) व पत्र्याचा दरवाजा (१२,००० रुपये) बदलला आणि रंगकामास ८,००० रुपये लागले, असे समजू. कर वगळता मान्य रक्कम अनुक्रमे ५,०००, १०,२०० व ७,००० रुपये होते. तीतून सक्तीची वजावट १,००० रुपये गेल्यावर २१,२०० रुपये मिळतात. ३०,००० पैकी ८,८०० रुपये मालकास भरावे लागतात. ‘शून्य घसारा’ हे जोडसंरक्षण घेतल्यास घसाऱ्याचा भार बहुतांशी टळतो.

दावा केल्यास पुढील नूतनीकरणात ‘नो क्लेम बोनस’ जातो. ही सवलत स्वहानी हप्त्यावर २० ते ५० टक्के असते. म्हणून किरकोळ ओरखड्यासाठी दावा करण्यापूर्वी दोन्ही रकमांची तुलना करणे हिताचे ठरते.

दाव्याची पद्धत

अपघातानंतर गाडीची व स्थळाची छायाचित्रे घ्यावीत, कंपनीस त्वरित कळवावे आणि कोणी जखमी असल्यास पोलिसांत नोंद करावी. सर्वेक्षकाच्या पाहणीपूर्वी दुरुस्ती केल्यास हानी सिद्ध करणे अवघड होते. दुरुस्तीचा खर्च घोषित विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडी पूर्ण हानी झालेली मानली जाते.

बाह्यभागाचे संरक्षण

रंगाच्या थरांखालचा पत्रा उघडा पडला की हवा व ओलावा यांमुळे तो गंजतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी ठोकाई करून, लांबी भरून, प्रायमर व रंग देणे आवश्यक असते. खानदेशातील कडक उन्हाने जुना रंग फिका पडत असल्याने नव्या रंगाची छटा प्रत्यक्ष गाडीशी जुळवावी लागते. संरक्षक फिल्म किंवा सिरॅमिक लेप धूळ व बारीक ओरखड्यांपासून बचाव करतात, धडकेपासून नव्हे.

तक्रार निवारण

दावा नाकारल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी. समाधान न झाल्यास पुणे येथील विमा लोकपाल किंवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षे आहे.