फ्लॅपची रात्र

हा कुणा एका रुग्णाचा घटनाक्रम नाही. तंबाखूने गालाचा कर्करोग झालेला माणूस. गाठ काढून त्या जागी मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसकट बसवलेली. असा फ्लॅप हातचा जातो, तेव्हा रात्र साधारण अशी सरते.

संध्याकाळी ७ : शस्त्रक्रिया संपते. हाताची धमनी आणि शीर मानेतल्या वाहिन्यांना जोडली आहे. दोन-तीन मिलिमीटरची नळी, केसाहून बारीक धागा, मायक्रोस्कोपखाली घातलेले टाके. चार्टवर सूचना : पहिले २४ तास दर तासाला फ्लॅप पाहणे.

रात्री १० : रंग निरोगी, स्पर्श उबदार. बोटाने दाबून सोडलं की पांढरा डाग दोन-तीन सेकंदांत भरतो. वाहतं रक्त ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्रावर धमनीचा ठोका स्पष्ट.

रात्री १ : फ्लॅप जरा जास्तच गुलाबी, थोडा फुगलेला. डाग आता सेकंदाच्या आत भरतो. नव्या सिस्टरला हे चांगलं लक्षण वाटतं, आणि वाटणारच. रक्त तर भरभरून येतंय. पण ते परत जात नाहीये. शिरेत गुठळी धरू लागली आहे. धमनीपेक्षा शिरेच्या गुठळीनेच फ्लॅप अधिक दगावतात. डॉप्लर ठोका ऐकवतच राहतो, कारण धमनी अजून चालू आहे. ही खूण आधी कुणीतरी खाटेशी उभं राहून शिकवलेली असावी लागते. या घटकेला फोन गेला, तर फ्लॅप वाचण्याची शक्यता मोठी असते.

२, ३, ४ : नोंद नाही. शेजारच्या रुग्णाच्या गळ्यातली नळी कफाने तुंबली आहे आणि वॉर्डात सिस्टर एकटी. तिला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. एकीवर इतक्या खाटा ज्यांनी सोपवल्या, हे रकाने त्यांनी रिकामे ठेवले.

पहाटे ५ : फ्लॅप जांभळा, ताठ. सुई टोचताच काळसर रक्त. रेसिडेंट सर्जनना उठवतो. भूलतज्ज्ञ येईपर्यंत, ऑपरेशन थिएटर उघडेपर्यंत आणखी वेळ जातो.

सकाळी ८ : गुठळी काढली, शीर पुन्हा जोडली. धमनी मोकळी आहे, तरी फ्लॅपच्या कडेतून लाल रक्त येत नाही. तासन्‌तास प्राणवायूविना राहिलेल्या केशवाहिन्या आतून सुजून बंद झाल्या आहेत.

तिसरा दिवस : काळा पडलेला फ्लॅप काढून छातीचा स्नायू कातडीसकट वर वळवतात, गालात शिवतात. जखम नव्याने भरायची. आणि सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं असलेलं रेडिएशन लांबणीवर पडतं.